मातीची गाय आणि दोन इंचांची बस

आज टेबलावर पुस्तक नाही, एक बस आहे. मागे बसलेल्यांना ती दिसणार नाही, कारण ती जेमतेम दोन इंच लांब आहे. लाल रंगाची, दुमजली, लंडनची. आमच्या थोरल्या बंधूंची ही बस. तत्त्वज्ञानाचा माणूस खेळण्यांवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण या बसच्या बाबतीत आमच्या हातून एक चूक झाली आणि ती चूक तत्त्वज्ञानाचीच होती. म्हणून हा विषय घेतला.

सुरुवात न्यायसूत्रांपासून करू. शब्दाचा अर्थ काय, ‘गाय’ म्हटल्यावर नेमकं काय कळतं, याची चर्चा तिथे आहे. समोर उभी असलेली ही एक गाय, म्हणजे व्यक्ती? शिंगं, वशिंड, शेपूट असा आकार, म्हणजे आकृती? की सगळ्या गायींत असलेलं गायपण, म्हणजे जाती? या चर्चेत एक गमतीचं उदाहरण येतं, मातीच्या गायीचं. मातीची गाय ही एक वस्तू आहे, म्हणजे व्यक्ती आहे. तिला गायीचा आकारही आहे. तरी यज्ञासाठी गाय आणा म्हटलं तर कोणी मातीची गाय आणत नाही. का? तर तिच्यात गायपण नाही. शेवटी नैयायिक म्हणतात की व्यक्ती, आकृती आणि जाती, तिन्ही मिळून शब्दाचा अर्थ होतो. कधी एक पुढे येते, कधी दुसरी.

आता आमची बस बघा. हीसुद्धा मातीची गायच. फक्त माती नाही, जस्त आहे. जस्तात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम आणि थोडं मॅग्नेशियम, तांबं असा हा मिश्रधातू. चारशे अंशांच्या आतच तो वितळतो. पोलादी साच्याचे दोन भाग घट्ट मिटायचे, वितळलेला धातू दाबाने आत सोडायचा, क्षणात तो गोठतो, साचा उघडायचा की गाडी तयार. यालाच डायकास्टिंग म्हणतात. मग कडा साफ करायच्या, रंग द्यायचा, आस घालून चाकं बसवायची. एकाच साच्यातून हजारो गाड्या निघतात.

ही बस केली लेझ्नी या इंग्लिश कंपनीने. लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या दोघांनी ती १९४७ मध्ये काढली. आडनाव एक, पण नातं काही नाही. दोघांच्या नावांचे तुकडे जोडून ‘लेझ्नी’ झालं. उत्तर लंडनमधल्या एका बंद पडलेल्या पबात कारखाना थाटला. जॅक ओडेल नावाचे कुशल कारागीर लवकरच त्यांना येऊन मिळाले. ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत एक नियम होता. काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायचं. ओडेल यांनी रस्त्यावरच्या रोलरची एक इवलीशी पितळी प्रतिकृती करून दिली. बाकीच्या मुलांनाही ती हवी झाली. त्यातून १९५३ मध्ये ‘मॅचबॉक्स’ गाड्या बाजारात आल्या. पहिला नंबर अर्थातच रोलरचा. आमची बस नंबर पाच, १९५४ सालची रचना.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. गाडी किती लहान करायची हे कोणी ठरवलं? काडेपेटीने! म्हणून या मालिकेतली मोटार आणि बस जवळपास एकाच लांबीच्या असतात. खरी बस २६ फुटांची. ती दोन इंचांत आणायची तर प्रमाण साधारण १:१५० होतं. शेजारची मोटार १:७५ च्या आसपास. दोन्ही एका रस्त्यावर ठेवल्या तर मोटारीचा ड्रायव्हर बसच्या ड्रायव्हरच्या दुप्पट उंचीचा निघेल. उलट १:४३ हे प्रमाण आलं खेळण्यातल्या आगगाडीवरून. ब्रिटनमध्ये ‘ओ’ गेजच्या आगगाडीत एका फुटाला सात मिलिमीटर धरत. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, त्याला सातने भागा, साडेत्रेचाळीस येतात. फ्रँक हॉर्नबी यांच्या कंपनीच्या डिंकी गाड्यांची सुरुवातही अशीच झाली, आगगाडीच्या स्टेशनाबाहेर उभ्या करायच्या गाड्या म्हणून. तर काय, प्रमाण ही शुद्ध गणिताची गोष्ट नाही. त्यामागे कुठला खोका, कुठला रूळ आहे ते बघावं लागतं.

आणखी एक हिशेब करू. लांबी दीडशेपट कमी केली की आकारमान दीडशे गुणिले दीडशे गुणिले दीडशे, म्हणजे तेहतीस लाख पंचाहत्तर हजार पटींनी कमी होतं. खरी बस साडेसात टनांची धरा. प्रामाणिकपणे लहान केली तर ती दोन ग्रॅमच्या थोडी वर भरेल. फुंकर मारली तर उलटेल! आमची बस त्याहून कितीतरी जड आहे. कारण एवढ्या प्रमाणात पातळ केलेला पत्रा साच्यातून निघणार नाही आणि मुलाच्या हातात टिकणार नाही. तिच्या भिंती सुमारे एक मिलिमीटर जाड. तीच जाडी दीडशेने वाढवा, पंधरा सेंटिमीटर. म्हणजे ही बस मोठी केली तर तिला घराच्या भिंतीएवढा जाड पत्रा असेल. आणि तळहातावरचं हे वजनच आपल्याला ‘अगदी खरी’ वाटायला लावतं. ज्या बाबतीत ती सगळ्यात खोटी आहे, तिथेच ती सगळ्यात खरी वाटते.

आता ती मुंबईत कशी आली ते सांगतो. आमचे मामा बोटीवर नोकरीला होते. पन्नासच्या दशकाच्या शेवटी त्यांनी ती दादासाठी आणली. आम्ही गिरगावात राहत होतो. चाळीच्या गॅलरीत दादा ही बस फिरवायचा आणि ती त्याच्यासाठी लंडनची नव्हतीच. ती ‘बेस्ट’ची होती. मुंबईत दुमजली बस १९३७ पासून होती, लाल होती, मग अजून काय हवं? बसच्या अंगावर मॅचबॉक्सचीच जाहिरात होती, ‘मॅचबॉक्स मालिका घ्या’ अशा अर्थाची. खऱ्या बसवर साबणाच्या जाहिराती, हिच्यावर स्वतःची! दादाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तो ती अक्षरं म्हणजे बसच्या मार्गाचं नाव समजायचा.

मग ही प्रतिकृती कोणाची? करणाऱ्याच्या मनात लंडन, खेळणाऱ्याच्या मनात गिरगाव. आकृती एक, पण ती कशाकडे बोट दाखवते हे हातावर अवलंबून. असंच डिंकीच्या साच्यांचं झालं. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांतले काही साचे कलकत्त्याला आले आणि तिथे त्यांतून गाड्या निघू लागल्या. साच्यातलं नाव बदलून ‘डिंकी’चं ‘निकी’ केलं. तळाशी पाहिलं तर त्या फेरफाराच्या खुणा दिसतात. संग्राहक आज ती खाडाखोड मुद्दाम शोधतात. कारण तीच सांगते की ही गाडी कुठे जन्मली.

आता आमची चूक. दादा काही वर्षांपूर्वी गेला. त्याचं सामान आवरताना ही बस सापडली. रंग उडालेला, टपावर तर निव्वळ धातू, जाहिरातीचे अर्धेच तुकडे शिल्लक. आम्हाला वाटलं, पुतणीला द्यायची तर नीट करून द्यावी. एका हौशी गृहस्थांकडून जुना रंग उतरवून घेतला, नवा लाल रंग दिला. उत्तम काम झालं. पुतणीने ती हातात घेतली, टपावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “काका, बाबांच्या अंगठ्याची जागा कुठे गेली?”

ती लहान असताना दादा तिच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून बस पुढे ढकलायचा. टपावरचा रंग तिथेच झिजला होता. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. पण विचारता तर आलं असतं! आयुष्यभर वर्गात व्यक्ती, आकृती, जाती शिकवल्या. आणि प्रत्यक्षात आकृती दुरुस्त करून व्यक्ती पुसून टाकली. तशी बस बाजारात दुसरीही मिळाली असती. ती झिजलेली जागा कुठे मिळणार?

पुतणी रागावली नाही. बस तिने घेतली. आजच्यासाठी तिच्याकडूनच मागून आणली आहे.

तुमच्यापैकी ज्यांना हा छंद आहे त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. पहिली, गाडीबरोबर तिच्या मागची खरी गाडी समजून घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘बेस्ट’ची जुनी डिझेलवरची दुमजली बस रस्त्यावरून गेली. दुमजली बस आहे, पण ती आता विजेवरची आणि वातानुकूलित. पुढच्याच महिन्यात काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही गेली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी मुळात इटलीच्या फियाट ११०० ची रचना. खरी गाडी गेली की छोटीच साक्षीदार उरते. आणि साक्षीदार कुठे चुकतो हे माहीत असल्याशिवाय साक्ष घेता येत नाही. पत्रा जाड, प्रमाण खोक्याचं, जाहिरात स्वतःची, हे सगळं लक्षात ठेवून बघा.

दुसरी, महायुद्धाच्या आधीच्या जस्ती गाड्या असतील तर बारीक तडे शोधा. मिश्रधातूत शिसं वगैरे मिसळलं गेलं असेल तर तो आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी भुगा होतो. त्यावर औषध नाही. कोरड्या जागी ठेवा, आणि आहे तोवर फोटो काढून ठेवा.

तिसरी, रंग देण्याआधी थांबा. झीज कोणाची आहे ते घरात विचारा. एका चिठ्ठीवर लिहा की ही कोणी आणली, कोण खेळलं, कुठे खेळलं. चिठ्ठी खोक्यात ठेवा. आकृती साचा सांभाळतो, जाती पुस्तकं सांभाळतात. व्यक्ती सांभाळायचं काम घरच्यांचं.

बस आता पहिल्या रांगेपासून फिरवतो. हातात घ्या, वजन बघा. तळाशी लेझ्नीचं नाव आहे, तेवढं मात्र आम्ही शाबूत ठेवलं. मग प्रश्न घेऊ.