चिठ्ठी सुटीची नव्हे, सवलतीची

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी तोंडावर आली होती, हलक्या धानाची कापणी सुरू झाली होती. धानोरा तालुक्यातील एक आजी नातीला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. नात दहावीत, सिकलसेलची रुग्ण. आईवडील दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि शिमगा उलटल्यावर परततात. तोवर घर आणि घरातले आजारपण आजींच्या अंगावर असते.

आजी म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, येक चिठ्ठी लिवून द्या जी. पोरीची तब्येत ठीक नाही, यंदा परीक्षेला बसवू नका, असं.”

चिठ्ठी कोणी मागितली, असे मी विचारले. शाळेतील कोणीतरी सुचवले होते. मुलगी सारखी आजारी पडते, पेपर सुरू असताना काही झाले तर जबाबदारी कोणाची? सांगणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसावा. आजींच्या मनात तर निव्वळ माया होती. माझा हात सवयीने कागदाकडे गेला आणि थांबला.

थांबण्याचे कारण जुने आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी अशीच एक चिठ्ठी मी एका मुलासाठी लिहिली होती. ‘परीक्षेच्या काळात पूर्ण विश्रांती आवश्यक.’ तो पुढच्या वर्षी बसेल, असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले. त्याची शाळा सुटली ती कायमचीच. मध्यंतरी तो आपल्या आजोबांना तपासायला घेऊन आला होता. बोलता बोलता हसून म्हणाला, “गणिताचा पेपर मी काढला असता जी.” त्याच्या आजाराचे निदान मी बरोबर केले होते, औषधही योग्य दिले होते. चूक झाली ती त्या एका ओळीत.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी नातवंडांचा अभ्यास, औषधे आणि शाळेचे कागद हे सारे आता आपणच पाहता. म्हणून हा विषय मी आपल्यापुढे ठेवत आहे. अपंगत्व असलेल्या मुलाला परीक्षेतून सूट देणे आणि परीक्षेत सवलत देणे या दोन गोष्टी सारख्या वाटतात, पण त्या परस्परविरुद्ध आहेत. सूट मुलाला दाराबाहेर ठेवते, सवलत त्याला आत नेऊन बसवते.

कायदा काय म्हणतो

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते आणि त्यांत सिकलसेल नव्हता. २०१६ साली संसदेने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा संमत केला. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला आणि प्रकारांची संख्या २१ झाली. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे तीन आजार, तसेच वाचन-लेखन-गणितातील अध्ययन अक्षमता, स्वमग्नता यांनाही त्यात स्थान मिळाले. आपल्या दोन जिल्ह्यांतील आदिवासी समाजांत आणि विदर्भातील इतरही अनेक समाजांत सिकलसेल पिढ्यान्पिढ्या आहे. त्यामुळे कायद्यातील हा बदल अक्षरशः आपल्या अंगणापर्यंत येऊन पोहोचलेला आहे.

याच कायद्याच्या सतराव्या कलमात परीक्षापद्धतीचा स्पष्ट उल्लेख आहे. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी परीक्षेत योग्य ते बदल करावेत, जादा वेळ द्यावा, लेखनिक द्यावा, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट द्यावी, असे ते सांगते. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जादा वेळ तासाला किमान २० मिनिटे असावा. म्हणजे दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटे आणि तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. आपल्या राज्याने तर अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना १९९६ पासूनच सवलती देण्यास आरंभ केला होता.

येथे ४० टक्क्यांचा प्रश्न येतो. बहुतेक लाभांसाठी प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के अपंगत्व असावे लागते. पण ज्याचे अपंगत्व त्याहून कमी आहे आणि तरीही ज्याला लिहिणे कठीण जाते, त्याचे काय? हाताला लिहिताना पेटका येणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये निर्णय दिला की, केवळ टक्केवारी कमी आहे म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र शासनाने अशा उमेदवारांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणून ‘टक्के कमी आहेत, काही मिळणार नाही’ हे वाक्य ऐकून घरी परतू नका. लेखी अर्ज द्या आणि लेखी उत्तर मागा.

तीन तास बसणे म्हणजे काय

“हातपाय धड आहेत, डोळे ठीक आहेत, मग सवलत कशाला?” असे सिकलसेलच्या मुलांबद्दल नेहमी विचारले जाते. त्याचे उत्तर आजाराच्या स्वरूपात आहे.

या आजारात गोल, लवचीक तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या आणि ताठर होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि असह्य वेदना होतात. अंगातले पाणी कमी होणे, थंडी, ताप, जागरण, अतिश्रम आणि मानसिक ताण यांमुळे हा वेदनेचा झटका येऊ शकतो. परीक्षेच्या दिवसांत यांतील किती गोष्टी एकत्र येतात ते आपणच मोजा. रात्रीचे जागरण असते, पहाटेचा गारवा असतो, केंद्रापर्यंतचा प्रवास असतो, आणि लघवीला जावे लागू नये म्हणून मूल पाणीच पीत नाही.

ही शेवटची गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. या मुलांची मूत्रपिंडे लघवी पुरेशी घट्ट करू शकत नाहीत. त्यांना पाणी अधिक लागते आणि लघवीलाही वारंवार जावे लागते. पर्यवेक्षकाला हे ठाऊक नसेल तर तो ती सबब समजतो, आणि मूल भीतीने तहान दाबून बसते.

काही मुलांच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खुंटलेला असतो, त्यांना बाकावर सलग बसवत नाही. रक्त कमी असल्याने थकवा लवकर येतो. काहींच्या मेंदूत लहान लहान भागांचा रक्तपुरवठा तुटतो आणि बाहेरून काहीही दिसत नाही. परदेशांतील अभ्यासांत या आजाराच्या सुमारे एक-तृतीयांश मुलांमध्ये मोठे होईपर्यंत असे छुपे आघात आढळले आहेत. त्याने लक्ष विचलित होते, लिहिण्याची गती मंदावते. अशा मुलाला आपण घरी ‘आळशी’ म्हणतो. तो आळशी नसतो. त्याला उत्तर येत असते, पण ते कागदावर उतरायला वेळ लागतो. जादा वेळ ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी नसून चष्म्यासारखी गरज आहे.

दिवाळीआधी तयार करायची फाइल

परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, पण सवलत मिळते ती आधीच्या कागदांवर. हॉल तिकीट हाती आल्यावर धावपळ केली तर बहुधा उशीर झालेला असतो. मुलाने नववी पास केली की ही फाइल तयार करायला घ्यावी.

पहिला कागद म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी ओळखपत्र. त्यासाठी ऑनलाइन नोंदणी करून शासकीय रुग्णालयात तपासणी करावी लागते. आरोग्य विभागाने दिलेले सिकलसेलचे कार्ड म्हणजे हे प्रमाणपत्र नव्हे. या दोहोंची गल्लत मी दरवर्षी पाहतो. तसेच सिकलसेलचा ‘वाहक’ हा ‘रुग्ण’ नव्हे, वाहकाला हे प्रमाणपत्र लागू होत नाही. प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर मुदत कधी संपते ते पाहा. ऐन परीक्षेच्या महिन्यात मुदत संपल्याने अडलेली मुले मला ठाऊक आहेत.

दुसरा कागद म्हणजे मुख्याध्यापकांच्या नावे पालकाचा अर्ज. कोणती सवलत हवी हे त्यात नेमके लिहावे. जादा वेळ, लेखनिक, तळमजल्यावरील आसन, गणितात अडचण असल्यास गणकयंत्र, यांपैकी जे हवे ते. शाळा हा प्रस्ताव विभागीय मंडळाकडे पाठवते आणि अपंगत्वाच्या प्रकारानुसार मंजुरी तेथून येते. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे नागपूर विभागीय मंडळात येतात. अर्जाच्या प्रतीवर शाळेची पोच घ्या आणि मंजुरीचे पत्र आले का, हे डिसेंबरअखेर विचारा. लेखनिक हवा असेल तर तो परीक्षार्थ्यापेक्षा खालच्या इयत्तेतील असावा लागतो. आठ-पंधरा दिवस दोघांना एकत्र सराव करू द्या, कारण उत्तर सांगून लिहवून घेणे ही वेगळीच कला आहे.

तिसरा कागद आम्हा डॉक्टरांचा. त्यात ‘विश्रांती आवश्यक’ असे मोघम न लिहिता गरज लिहिलेली असावी. त्या दिवशी मी लिहिले ते असे : “सदर विद्यार्थिनीस सिकलसेल आजार आहे. ती परीक्षेस बसण्यास योग्य आहे. तिला पाण्याची बाटली जवळ ठेवण्याची, गरजेनुसार लघवीस जाण्याची, गरम कपडे घालण्याची आणि वेदना झाल्यास सोबतचे औषध घेण्याची परवानगी असावी.” आपल्या डॉक्टरांकडे असेच पत्र मागा. ते केंद्रसंचालकांना पहिल्या पेपराच्या आधीच दाखवून ठेवा.

पेपरचे दिवस

हायड्रॉक्सियुरिया सुरू असेल तर परीक्षेच्या धास्तीने ते बंद करू नका. परीक्षेच्या महिनाभर आधी रक्ततपासणी करून घ्या. वेदनाशामक कोणते, किती आणि किती तासांनी घ्यायचे हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. नवे औषध पेपरच्या सकाळी प्रथमच देऊ नका. रात्री दहानंतर दिवा मालवा. सकाळी स्वेटर, पोटभर न्याहारी आणि दोन पेले पाणी. केंद्र दूर असेल तर आदल्या दिवशीच जवळच्या नातेवाइकांकडे मुक्कामास जा. दुचाकीवरचा पहाटेचा गार वारा या मुलांना सोसत नाही.

मात्र काही लक्षणे दिसली तर पेपर बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे : १०१ अंशांवर ताप, छातीत दुखणे किंवा धाप, अचानक पांढरेफटक पडणे, पोट फुगून दुखणे, बोलण्यात अडखळणे, एका बाजूच्या हातापायांतील बळ जाणे. दहावी-बारावीची पुरवणी परीक्षा असते, त्यामुळे एक पेपर बुडाल्याने सारे संपत नाही.

लहान वर्गांच्या चाचण्या

सूट देऊन बाहेर ठेवण्याची सवय दहावीत लागत नाही, ती तिसरी-चौथीतच लागते. २०२३ पासून राज्यात तिसरी ते आठवीच्या वर्गांसाठी नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या. मूल कोठे अडते आहे हे शोधणे, हा त्यांचा हेतू. परंतु वर्गाचा निकाल खाली येईल, या धास्तीने ‘उद्या त्याला पाठवू नका’ असा निरोप काही घरी येतो. घरालाही तो सोयीचा वाटतो.

ही प्रवृत्ती केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत दिव्यांग विद्यार्थ्यांना राज्यस्तरीय चाचण्यांत सामावून घेण्याची सक्ती १९९७ साली कायद्याने करावी लागली. नंतरच्या कायद्याने तर किमान ९५ टक्के मुलांनी चाचणी दिलीच पाहिजे, अशी अट घातली, दिव्यांग मुलांच्या गटालाही ती लागू होती. ज्या मुलाची मोजदाद नाही, त्याच्या अडचणीचीही नोंद नाही. नोंद नसेल तर विशेष शिक्षक, साहित्य वा मदत मागायची कशाच्या आधारावर? म्हणून असा निरोप आला तर नम्रपणे सांगा, “तो येईल. त्याला बसू द्या, जेवढे जमेल तेवढे लिहील.”

चंद्रपूर जिल्ह्यातच, वरोऱ्याच्या आनंदवनात अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा कित्येक वर्षे चालत आल्या आहेत. ही मुले शिकू शकतात का, हा प्रश्न आपल्या भागात तरी कधीच निकालात निघालेला आहे. उरला आहे तो कागदांचा आणि आपल्या धीराचा प्रश्न.

त्या आजींची नात मार्चमध्ये सर्व पेपरांना बसली. इंग्रजीच्या पेपराला पाय दुखू लागले. तिने गोळी घेतली, पाणी प्यायली आणि मिळालेल्या जादा वेळात पेपर पूर्ण केला. निकालात गणित राहिले. पुरवणी परीक्षेत तेही सुटले. आजी गुणपत्रिका दाखवायला आल्या, तेव्हा ती प्लास्टिकच्या त्याच पिशवीत होती ज्यात सिकलसेलचे कार्ड आणि माझी चिठ्ठी होती. “चिठ्ठी जपून ठेवली जी,” त्या म्हणाल्या, “बारावीले लागंल.”

आपल्या घरातही अशी एक पिशवी असू द्या. आणि डॉक्टरांसमोर बसलात, की ‘विश्रांती आवश्यक’ लिहिण्यापूर्वी त्यांचा हात थांबवा.