मोटारीतली चिमणी

गाडीत चिमणी शिरली आहे, असे प्रथम माझ्या धाकट्या भावजयीला वाटले. पुण्याहून निघाल्यापासून बॉनेटखाली कुठेतरी ती चिवचिवत होती. गाडी हळू चालली की चिवचिव हळू, वेग घेतला की चिवचिव जलद, आणि एसी लावला की चिमणी अगदी भांडायलाच उठायची. छत्रपती संभाजीनगरला समृद्धी महामार्गावर चढल्यावर वाऱ्याच्या घोंघाटात तिचा आवाज बुडाला, तेव्हा माझ्या भावाला हायसे वाटले. वाईट आवाज ऐकू येईनासा झाला म्हणजे तो थांबला, असे समजण्याची आपणा सर्वांनाच सवय असते! पण मालेगावच्या पुढे बॅटरीचा तांबडा दिवा एकदा लुकलुकला, मग पुन्हा एकदा लुकलुकला, आणि रबर जळाल्याचा वास आला. कारंज्याला उतरून दोघे आमच्या दारात उभी राहिली, तेव्हा वसुबारसेच्या रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते.

गाडीबद्दल थोडे सांगायला हवे. ती सॅन स्टॉर्म. वाचकांपैकी पुष्कळांनी हे नावही ऐकले नसेल. गोव्यात तयार झालेली ही दोन माणसांची, कापडी टपाची, फायबरग्लासच्या अंगाची छोटी स्पोर्ट्स कार १९९८ च्या सुमारास बाजारात आली. इंजिन रेनॉचे, ११४९ सीसीचे. थोड्याच गाड्या रस्त्यावर आल्या आणि आता ती बनतही नाही. भावाने ही गाडी जुन्या बाजारातून उचलली ती ब्लॉकचा हप्ता भरायला साठवलेल्या पैशातून, आणि तेव्हापासून बाबांचे आणि त्याचे बोलणे ‘जेवलास का’ आणि ‘निघतो’ ह्या दोन वाक्यांवर आले होते.

वीस-बावीस वर्षांच्या गाडीचे काहीतरी झिजणारच. त्यात गाडीचा दोष नाही. पण काय झिजले आहे, हे कोणी सांगेना. शहरातल्या एका गॅरेजने पट्टा बदलला. पंधरा दिवस चिमणी गप्प बसली. मग दुसरा पट्टा. मग दिवा लुकलुकतो म्हणून अल्टरनेटरच नवा. चौतीस हजार रुपये गेले आणि चिमणी जागच्या जागी! शेवटी कंटाळून भावाने गाडी विकायला काढली. नागपूरचा एक गिऱ्हाईक पाडव्याला येऊन ती नेणार होता. भाव असा ठरला होता की, तो मी इथे लिहीत नाही.

“उद्या सकाळी पाहू,” बाबा म्हणाले.

“तुम्ही काय पाहणार, बाबा? तुमच्या जिनिंगचं इंजिन नाही हे,” भाऊ म्हणाला, आणि मी चिवड्याची बशी घेऊन मध्ये पडले.

बाबांची सारी नोकरी कारंज्याच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर म्हणून झाली. कारंजा हे मूळचे कापसाचे गाव. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने इथे कापसाचा बाजार बसवला गेला, तो हिंदुस्थानातला पहिला नियंत्रित बाजार समजला जातो. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८९७ साली, वऱ्हाडातल्या कापूस-धान्य बाजारांसाठी कायदा झाला. बाजारामागून जिनिंगचे कारखाने आले आणि कारखान्यांबरोबर आले पट्टे आणि पुल्या. जुन्या जिनिंगची रचना अशी असे: एका टोकाला एकच इंजिन, त्याच्यापासून इमारतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला लांबलचक शाफ्ट, शाफ्टावर ओळीने पुल्या, आणि प्रत्येक पुलीवरून एकेका रेच्याकडे गेलेला पट्टा. लहानपणी डबा द्यायला मी तिथे जाई, तेव्हा मला एकच कोडे पडे. ते सपाट पट्टे पुलीवरून घसरून खाली का पडत नाहीत? बाबांनी मला पुली हाताने चाचपायला लावली. ती मध्ये किंचित फुगलेली होती. पट्ट्याचा स्वभाव असा की, तो नेहमी पुलीच्या उंचवट्याकडे चढतो. मध्ये उंच असेल तर मध्येच राहतो. पण पुली तिरपी झाली, तर तोच पट्टा बिचारा कडेला जातो, काठ घासतो आणि ओरडतो.

मोटारीतही तेच आहे, फक्त आकार लहान. पूर्वी गाडीत दोन-तीन व्ही-आकाराचे पट्टे असत. डेन्व्हरच्या जॉन गेट्सने १९१७ साली रबराचा हा व्ही-पट्टा काढला, असे सांगतात. मग १९७९ साली अमेरिकेत फोर्ड मस्टँगला एकच लांब, चपटा, आतून बारीक शिरा असलेला पट्टा बसवला गेला. तो सापासारखा वळणे घेत सर्व यंत्रांवरून फिरतो. इंजिनच्या पुलीवरून निघून अल्टरनेटरकडे, तिथून एसीच्या कॉम्प्रेसरकडे, पुष्कळ गाड्यांत सुकाणूच्या आणि पाण्याच्या पंपाकडेही. वाटेत दोन पुल्या अशा असतात की, त्या कोणतेच यंत्र चालवत नाहीत. एक नुसती पट्ट्याला वळण देते, दुसरी त्याला ताणून धरते. घरातल्या काही माणसांसारखे ह्यांचे असते. त्या काही करतात, हे बिघडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. आणि काम किती? इंजिनची पुली पंधरा सेंटिमीटरची आणि वळणाची सात सेंटिमीटरची धरली, तर इंजिनच्या मिनिटाला ३००० फेऱ्यांत ह्या छोटीला ६४०० च्या वर फेरे पडतात. तासाला साडेतीन लाखांहून अधिक!

ही पुली जाम झाली की, पट्टा तिच्यावर घासून जळतो किंवा उडून जातो. मग बॅटरी भरणे बंद, आणि पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल तर काही मिनिटांत इंजिन तापून खलास. ताशी १२० किलोमीटरची मुभा असलेल्या रस्त्यावर, रात्री, दिवे मंदावत चाललेली गाडी हे काय प्रकरण आहे, ते मी मनातल्या मनात पाहिले आणि काही बोलले नाही.

धनत्रयोदशीच्या सकाळी अंगणात बॉनेट उघडले. भावाने इंजिन चालू केले. चिमणी मोठमोठ्याने ओरडू लागली. शेजारची पोरेसुद्धा कान टवकारून उभी राहिली.

बाबा शांतपणे म्हणाले, “मले तं काईच आवाज येत नाई.”

भावाने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात ‘सांगितलं नव्हतं का’ असा सगळा अर्थ होता. पण बाबांचे म्हणणे खरेच होते. वर्षानुवर्षे यंत्रांच्या गोंगाटात काम करणाऱ्यांचे कान जातात, तेव्हा आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. चिमणी, घड्याळाचा गजर, नातवंडांची कुजबुज हे बाबांच्या जगातून केव्हाच नाहीसे झाले आहे. खालच्या पट्टीची घरघर मात्र त्यांना अजून समजते.

त्यांनी लांब पेचकस मागितला. धोतराचा सोगा नीट खोचला, बाह्या वर केल्या. पेचकसाचे टोक फिरत्या भागाला नव्हे, तर पुलीच्या मधल्या स्थिर बोल्टाला टेकवले आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबून धरली. (हा उद्योग घरी कोणी सहज म्हणून करू नये. फिरता पट्टा बोट परत देत नाही.) अल्टरनेटरवर त्यांनी मान हलवली: ठीक. कॉम्प्रेसर: ठीक. वळणाच्या पुलीवर ते बराच वेळ थांबले. मग पेचकस भावाच्या हाती दिला. भावाने तो कानामागे लावला आणि त्याचा चेहरा बदलला. नंतर मीही लावून पाहिला. आत जणू कोणी जात्यात खडे दळत होते.

इतके दिवस सगळ्यांनी चिमणीचा माग काढला होता. चिमणी ओरडत होती पट्ट्यावर, म्हणून पट्टा बदलला गेला. बाबांना चिमणीच ऐकू येत नव्हती.

तरी भावाचे समाधान होईना. त्याने फोनमध्ये वाचलेली परीक्षा केली: चालत्या पट्ट्यावर पाण्याचा बारीक फवारा मारायचा. आवाज वाढला, तर पट्टा ढिला होऊन घसरतो आहे. क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाला, तर पुल्या एका रेषेत नाहीत. चिमणी थांबली आणि दहा सेकंदांत परत आली. बाबांनी फवाऱ्याची बाटली हातात घेऊन कौतुकाने पाहिली. ही युक्ती त्यांना नवी होती.

इंजिन थंड होऊ दिले. बॅटरीची ऋण तार सोडली. पट्ट्याचे वळण कसे आहे, ते बाबांनी माझ्या रांगोळीच्या शेजारी खडूने काढून ठेवले. भावाने फोटो काढला. ताणपुलीचा बोल्ट ढिला करून पट्टा उतरवला. पाण्याचा पंप ह्या पट्ट्यावर नाही, अशी खात्री करून बॅटरी जोडली आणि इंजिन अर्धा मिनिट तसेच चालवले. चिमणी नाही! मग तार पुन्हा सोडून एकेक पुली हाताने फिरवली. वळणाची पुली भिंगरीसारखी फिरत राहिली.

“बघा, किती छान फिरते!” भाऊ म्हणाला.

“छान फिरते म्हणूनच मेली आहे ते,” बाबा म्हणाले. “आत ग्रीस असतं तं थांबली असती.”

मला हे नवीनच होते. चांगले बेअरिंग थोडे जड फिरते आणि लौकर थांबते; ग्रीस सुकलेले मोकाट फिरते आणि खडखडते. पुली कडेला धरून हलवली, तर केसभर लचकत होती. तो केसभर लचकाच पट्ट्याला तिरपा आत घेत होता, आणि चिवचिव त्याचीच. ताणपुलीचे बेअरिंग बरे होते, पण तिचा पृष्ठभाग झिजून गुळगुळीत झाला होता, काठाशी धार आली होती आणि सभोवती रबराची काळी पूड साचली होती. तिच्यावर पट्टा सुटून घसरे, अल्टरनेटर मंद होई आणि दिवा लुकलुके. अल्टरनेटर बिचारा निर्दोषच होता.

आता भाग कुठून आणायचे? ही गाडी बनत नाही, तर तिचे भाग कोण ठेवणार! बाबांनी वळणाच्या पुलीतले बेअरिंग पुसले आणि त्यावरचा आकडा मला वाचायला लावला. ६२०३. त्यांना हसू आले. बेअरिंगचे आकडे जगभर एकच असतात. शेवटचे ०३ म्हणजे आतले भोक १७ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ४०, जाडी १२. ०४ पासून पुढे आकड्याला पाचाने गुणावे, ०४ म्हणजे २०, ०५ म्हणजे २५. मोटार कोणाचीही असो, ६२०३ हे ६२०३ च. विजेच्या मोटरीत तेच, शेतीच्या कितीतरी यंत्रांत तेच. सोयाबीनच्या मळणीचे दिवस. दुकानात पट्टे आणि बेअरिंगे टांगूनच ठेवली होती. धनत्रयोदशीला लोक सोने घेतात, आमच्या बाबांनी पोलादाचे एक कडे घेतले, तीनशे रुपयांच्या आत, आणि ते पूजेच्या ताटात झेंडूशेजारी ठेवले.

ताणपुलीसाठी भाऊ नरकचतुर्दशीला एसटीने अकोल्याला गेला. व्यास, रुंदी, बोल्टाचे भोक हे सारे व्हर्नियरने मोजून नेले होते. शिवाय पुली बैठकीपासून किती पुढे आहे, ते. हे शेवटचे माप चुकले की नवी पुलीही जुन्यासारखीच ओरडते. दुसऱ्याच एका गाडीची पुली मिळाली. ती एक मिलिमीटर मागे बसत होती. मागे तेवढ्या जाडीचा वॉशर घातला.

जुने बेअरिंग सर्क्लिप काढून ठोकून काढता आले. नवे बसवताना बाबांनी भावाच्या हातातली हातोडी काढून घेतली. बेअरिंग पुलीत दाबायचे ते बाहेरच्या कड्यावर जोर देऊन. आतल्या कड्यावर ठोकले, तर तो घाव गोळ्यांतून जातो, कड्यावर बारीक खड्डे पडतात आणि नवे बेअरिंग पहिल्या दिवसापासून जुने होते. बाबांनी त्याच व्यासाचे जुने कडे वर ठेवले आणि शेगड्यात धरून हळूहळू दाबले. मग पुल्या बसवून त्यांच्या कडांवरून दोरा ताणला. सगळीकडे टेकला. बोल्ट मात्र भावाने त्याच्या माप दाखवणाऱ्या पान्याने आवळले. बाबांनी मागून हाताने तपासले आणि काही बोलले नाहीत, म्हणजे पसंत होते.

इंजिन चालू झाले. भावजय कान देऊन उभी राहिली, शेजारची पोरेही. काही नाही. एसी लावला, तरी काही नाही.

पाडव्याला नागपूरचा गिऱ्हाईक आला. भावाने त्याला फराळ दिला, दोन्ही जुन्या पुल्यांचे प्रकरण दाखवले, आणि मग फार संकोचून म्हणाला की, गाडी आता द्यायची नाही. तो गृहस्थ भला. त्याने लाडवाची तारीफ केली आणि गेला.

संध्याकाळी भाऊ बाबांना घेऊन मंगरूळच्या रस्त्याने चक्कर मारून आला. त्या बुटक्या गाडीत त्यांना बसवायला दोघे लागले, उतरवायला तिघे. जुने ६२०३ त्यांनी खिळ्यांच्या डब्यात ठेवले आहे, कागदात गुंडाळून, वर तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहून. पुढच्या दिवाळीला पुली पुन्हा हलवून पाहायची आहे. भावाला तसे बजावले आहे, आणि आता दोघे फोनवर पंधरा-पंधरा मिनिटे बोलतात. एकाला ऐकू कमी येते, दुसरा त्यामुळे ओरडतो, आणि मधले सगळे मला वाशिमला कळवतात.