कुत्र्यांची शाळा, गावाचं काम

कुत्र्याशी बोलायला आपल्या गावांत तीन शब्द पुरतात. बोलवायचं असेल तर ‘यू यू’, हाकलायचं असेल तर ‘हाड’ आणि कुणाच्या अंगावर सोडायचं असेल तर ‘छू’. या तिन्हींत एक शब्द नाही. तो म्हणजे ‘थांब’. शहरात ज्याला ‘डॉग ट्रेनिंग क्लब’ म्हणतात, ते श्वानप्रशिक्षण मंडळ मुख्यतः हा एक शब्द शिकवण्यासाठी असतं. हा पैसेवाल्यांचा रविवारचा खेळ आहे, असा आपला समज असतो. पण वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरसारख्या गावाला अशा मंडळाचा उपयोग पुण्या-मुंबईपेक्षा कमी नाही. उलट जास्तच आहे.

आपल्याकडे कुत्रा हौसेसाठी पाळला जात नाही. कपाशी, तूर, सोयाबीन उभं असलं की रानडुकरं आणि रोही यांच्या भीतीनं शेतकरी रात्रीच्या जागलीला जातो. त्याच्यासोबत कुत्रा असतो. दिवसा मात्र तोच कुत्रा गावभर मोकळा फिरतो. चार घरची भाकरी खातो, पण त्याला लस कोणी द्यायची हा प्रश्न निघाला की तो कोणाचाच नसतो. तो पूर्ण पाळीवही नाही आणि पूर्ण भटकाही नाही. खेड्यातल्या कुत्र्यांचा सगळा प्रश्न या अर्धवट मालकीत आहे.

आता प्रशिक्षण म्हणजे काय ते पाहू. कुत्र्याला भाषा कळत नाही. त्याला कळतो तो आवाज, हातवारा आणि त्यानंतर लगेच मिळणारं फळ. ‘बस’ म्हणताच तो बसला आणि त्याच क्षणी त्याला भाकरीचा तुकडा मिळाला, तर पुढच्या वेळी तो लवकर बसतो. तुकडा मिनिटभर उशिरा दिला, तर तो कशाबद्दल मिळाला हे त्याला उमगत नाही. म्हणून धडा पाच-दहा मिनिटांचाच असावा, शब्द एकच असावा आणि घरातल्या सगळ्यांनी तोच वापरावा. काठीनं कुत्रा शिकत नाही. तो फक्त काठीला भितो आणि भ्यालेला कुत्रा चावतो. पिल्लू तीन ते बारा-चौदा आठवड्यांचं असताना त्याला माणसं, मुलं, गुरं, मोटारसायकली यांची ओळख झाली, तर मोठेपणी ते त्यांच्या अंगावर धावण्याचा संभव बराच कमी होतो.

शिकवलेला कुत्रा काय करू शकतो, हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या शोधात पोलिसांच्या ‘जंजीर’ या लॅब्रेडॉर कुत्र्यानं तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स शोधून दिलं. त्याचं शिक्षण पुण्याच्या पोलीस श्वान प्रशिक्षण केंद्रात झालं होतं. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला, तेव्हा त्याला पोलीस इतमामात निरोप देण्यात आला. प्रत्येक कुत्रा जंजीर होत नाही. पण हाक मारल्यावर येणं आणि ‘थांब’ म्हटल्यावर थांबणं, एवढं गावठी कुत्राही सहज शिकतो.

परदेशांतल्या मंडळांनी या साध्या शिस्तीचीच परीक्षा केली. अमेरिकेच्या केनेल क्लबनं १९८९ मध्ये आणि ब्रिटनच्या केनेल क्लबनं १९९२ मध्ये ‘चांगला नागरिक कुत्रा’ अशा अर्थाच्या परीक्षा सुरू केल्या. कुत्रा दोरीला हिसके न देता गर्दीतून चालतो का, अनोळखी माणसानं हात लावला तर शांत राहतो का, हे त्यात पाहतात. त्याचबरोबर मालक आपल्या कुत्र्याची घाण उचलतो का, हेही पाहतात. म्हणजे परीक्षा कुत्र्याची असली तरी अर्धे गुण माणसाचे असतात. ब्रिटनमध्ये १९८३ पासून स्वयंसेवक आपले शांत कुत्रे घेऊन रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत जातात. एकट्या पडलेल्या माणसाला त्यांचा आधार वाटतो. मंडळं खेळ भरवतात, प्रवेशशुल्क घेतात आणि जमलेली रक्कम धर्मादाय कामाला देतात.

मग आपल्याकडच्या मंडळानं कोणतं काम हाती घ्यावं? त्याचं उत्तर आपल्या दवाखान्यातल्या नोंदवहीत आहे. २०२२-२३ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकारानं देशव्यापी पाहणी झाली. तिच्या अंदाजानुसार देशात दरवर्षी सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात. त्यांतल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक घटना कुत्र्यांच्या असतात. रेबीजनं वर्षाला सुमारे ५,७०० माणसं दगावतात. या रोगाची लक्षणं एकदा दिसू लागली की जवळजवळ कोणीच वाचत नाही. मात्र लक्षणं दिसण्यापूर्वी योग्य उपचार झाले, तर हा रोग जवळपास पूर्णपणे टाळता येतो. संशयित प्राणी चावलेल्यांत सुमारे चाळीस टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुष्कळदा मूल मार बसेल म्हणून घरी सांगतच नाही आणि तिथेच घात होतो.

म्हणून मंडळाचा पहिला वर्ग शाळेत भरला पाहिजे. मुलांना सांगायच्या गोष्टी थोड्याच आहेत. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लं असलेल्या कुत्र्याजवळ जायचं नाही. कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही. झाडासारखं स्थिर उभं राहायचं, हात अंगालगत ठेवायचे आणि नजर खाली ठेवायची. पडलो तर दगडासारखं अंग आवळून कान-मान झाकायची. कुत्रा चावला किंवा नुसतं ओरखडलं तरी घरी सांगायचं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काहीही लावायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती जुन्या माणसांच्या मनात अजून आहे. ती लस बंद होऊन वीस वर्षं झाली. आता इंजेक्शनं दंडावर आणि मोजकीच असतात. जखम खोल असेल तर जखमेभोवती वेगळं औषध टोचावं लागतं. डॉक्टर सांगतील त्या तारखा मात्र चुकवायच्या नाहीत.

दुसरं काम कुत्र्यांच्या लसीचं. इथे प्रशिक्षणाचा थेट उपयोग दिसतो. ज्या कुत्र्याच्या गळ्यात कधी पट्टा पडला नाही, ज्याला कधी माणसानं धरलं नाही, तो लसीच्या शिबिरात हाती लागत नाही. शांत उभं राहायला शिकलेल्या कुत्र्याला मालक दोरीनं घेऊन येतो आणि काम दोन मिनिटांत होतं. राहिलेल्या मोकाट कुत्र्यांना मात्र जाळीनंच धरावं लागतं. ते काम शिकलेल्या आणि स्वतः आधी लस घेतलेल्या माणसांनीच करावं. गावातल्या दहापैकी सात कुत्र्यांना लस मिळाली की रोगाला पुढचा कुत्रा सापडणं अवघड होतं आणि साखळी तुटते. कुत्री मारून हे साधत नाही. मोकळ्या झालेल्या जागी नवी कुत्री येतात आणि त्यांना लस दिलेली नसते.

हे शक्य आहे हे गोव्यानं दाखवलं. ‘मिशन रेबीज’ या धर्मादाय संस्थेनं गोवा सरकारच्या साथीनं २०१३ पासून तिथे काम केलं. पथकं गल्लोगल्ली फिरली. लस दिलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाची खूण करायची, नंतर पुन्हा फेरी मारून खूण असलेले आणि नसलेले कुत्रे मोजायचे, अशी त्यांची पद्धत होती. त्यामुळे सत्तर टक्के झाले की नाही, हे अंदाजानं नव्हे तर मोजून कळे. वर्षाला पंचाण्णव हजारांवर कुत्र्यांना लस आणि दीड लाख मुलांना शाळेत शिक्षण, इथपर्यंत हे काम गेलं. २०१९ पर्यंत कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला. २०१८ आणि २०१९ या वर्षांत माणसाच्या मृत्यूची नोंद झाली नाही. २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं ‘रेबीज नियंत्रित’ राज्य म्हणून जाहीर झालं.

एवढ्या कामाला पैसा लागतो. तो गावातून उभा राहू शकतो. पोळ्याला आपण बैल सजवतो, तान्ह्या पोळ्याला मुलांचे लाकडी बैल मिरवतो. त्याच दिवसांत शिस्तीच्या कुत्र्यांचे खेळ भरवता येतील आणि नाममात्र शुल्क ठेवता येईल. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. पोळ्याला जमलेल्या पैशातून त्या दिवशी लसीचं शिबिर घेता येईल. मात्र पैशाचा व्यवहार चोख हवा. सात माणसं जमली की संस्थेची नोंदणी करता येते. वर्गणी घेण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नियम विचारून घ्यावेत. पावतीपुस्तक, बँकेतलं खातं आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेला हिशेब, या तीन गोष्टी पाळल्या तर पुढच्या वर्षी लोक आपणहून पैसे देतात.

या प्रश्नाची चर्चा आपल्या देशात नवी नाही. १९२६ मध्ये अहमदाबादेत एका गिरणीमालकानं आवारातली साठ कुत्री मारवली, तेव्हा गांधीजींनी ‘यंग इंडिया’त या विषयावर लेखमाला लिहिली. त्यातली काही मतं आज अनेकांना कठोर वाटतील. पण त्यांचा एक मुद्दा कायम आहे. मोकाट कुत्रा हे समाजाच्या बेपर्वाईचं लक्षण आहे; तुकडा टाकून पुण्य मिळवणं ही दया नव्हे. ज्याला दया करायची आहे, त्यानं त्या प्राण्याची जबाबदारी घ्यावी किंवा ती घेणाऱ्या संस्थेला आपल्या कमाईतला वाटा द्यावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे दहा वर्षांनी ते आपल्याच जिल्ह्यात, सेवाग्रामला येऊन राहिले.

अल्लीपुरात अशा कामाची सुरुवात करायला मैदान, गणवेश किंवा परदेशी जातीचं कुत्रं लागत नाही. गल्लीतल्या पाच-सहा घरांनी आपल्या दारातल्या कुत्र्याला नाव द्यावं, गळ्यात पट्टा घालावा, त्याच्या लसीची तारीख दाराआड लिहून ठेवावी आणि रोज दहा मिनिटं त्याला ‘थांब’ शिकवावं. चार घरची भाकरी खाणाऱ्या कुत्र्याला त्यातलं एक घर आपलं म्हणून मिळालं, तर गावातल्या पोरांनाही रस्त्यानं निर्धास्त शाळेत जाता येईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)