पदवीच्या जोडीला शाश्वत उद्योजकता

शिक्षण आणि उपजीविका यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने गरीब विद्यार्थ्यांच्या हाती पुस्तकाबरोबर कुदळही दिली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमाची जी नवी रचना राज्यात झाली आहे, तिने हाच प्रश्न वेगळ्या स्वरूपात पुढे आणला आहे. या रचनेत मुख्य विषयाच्या जोडीला विद्यार्थ्याला एक गौण विषय घेता येतो. महाविद्यालयांतून तो ‘मायनर’ या नावाने ओळखला जातो. शाश्वत उद्योजकता हा विषय या जागी शिकविल्यास काय साधेल आणि त्यासाठी कोणी काय केले पाहिजे, याचा विचार नवी मुंबईच्या संदर्भात येथे केला आहे.

गौण विषयाची रचना

राज्य शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयानुसार ही रचना स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून अंमलात आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक असून त्यांपैकी २४ गौण विषयासाठी सुचविले आहेत. विद्यापीठागणिक या आकड्यात फरक आढळतो. एक श्रेयांक म्हणजे एका सत्रात व्याख्यानाचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास. चोवीस श्रेयांकांपैकी निम्मे प्रात्यक्षिकासाठी ठेवले, तर विद्यार्थ्याचे एकूण ५४० तास या विषयाला मिळतात. एवढ्या अवधीत एखाद्या धंद्याची बाजू मुळापासून तपासणे सहज शक्य आहे. ‘गौण’ या शब्दावरून विषय दुय्यम मानण्याचे कारण नाही.

वहीत न येणारा खर्च

पर्यावरण व विकासविषयक जागतिक आयोगाने १९८७ च्या आपल्या अहवालात शाश्वत विकासाची जी कल्पना मांडली, तिचा आशय असा की, आजच्या गरजा भागविताना पुढील पिढ्यांच्या गरजांवर गदा येऊ नये. हे तत्त्व सर्वांना मान्य होते. अडचण येते ती हिशेबात. उद्योजकाच्या वहीत कच्चा माल, मजुरी, वीज, भाडे आणि व्याज यांचे आकडे असतात. नाल्यात सोडलेल्या सांडपाण्याचा आकडा त्यात नसतो. परंतु तो खर्च कोणी तरी भरतच असतो. कधी तो कोळ्याच्या रिकाम्या जाळ्यातून भरला जातो, कधी नगरपालिकेच्या तिजोरीतून, तर कधी आजारी मुलाच्या औषधपाण्यातून. हा बाहेर राहिलेला खर्च ओळखणे, मोजणे आणि त्यासह धंदा फायद्यात चालतो काय हे पाहणे, हाच शाश्वत उद्योजकतेच्या शिक्षणाचा गाभा होय.

नवी मुंबई : एक खुली प्रयोगशाळा

या शिक्षणासाठी नवी मुंबईइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच आढळेल. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर हे शहर नियोजित करण्यात आले. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी ही तेथील आगरी-कोळी समाजाची परंपरागत साधने होती. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जणांना प्राण गमवावे लागले. त्या पिढीची नातवंडे आज महाविद्यालयांत शिकत आहेत. शेती गेली, खाडीचे उत्पन्न घटले. अशा कुटुंबातील तरुणाला उद्योजकता शिकविताना पूर्वीच्या विकासाची किंमत कोणी दिली, हे बाजूला ठेवून चालणार नाही.

या शहरात सुधारणेची उदाहरणेही आहेत. महानगरपालिकेने कोपरखैरणे व ऐरोली येथे प्रत्येकी दोन कोटी लिटर दैनिक क्षमतेची तृतीय स्तर प्रक्रिया केंद्रे उभारली असून, तेथील शुद्ध केलेले सांडपाणी औद्योगिक वापरासाठी आहे. कारखान्याने असे पाणी वापरले की तेवढेच पिण्याचे पाणी वाचते. ठाणे खाडीतील १,६९० हेक्टर क्षेत्र २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०२२ मध्ये या खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आहे. त्यामुळे नव्या धंद्यांना वाव मिळेल, तसाच जमीन, पाणी व पाणथळ जागांवरील ताणही वाढेल.

दोन उदाहरणे

तुर्भे-वाशी येथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात भाजी व फळे यांचा मोठा कचरा रोज निघतो. त्यापासून जैववायू व खत करण्याची कल्पना विद्यार्थ्याला सहज सुचते, कारण कच्चा माल जवळजवळ फुकट आहे. परंतु या मालात पाण्याचे प्रमाण फार असते, म्हणून वाहतूक महाग पडते. त्यात प्लॅस्टिक व सुतळी मिसळलेली असते, म्हणून वेचणाऱ्याची मजुरी आणि हातमोजे हिशेबात धरावे लागतात. आंब्याच्या मोसमात पेंढ्याचे ढीग साचतात, इतर महिन्यांत नाहीत. तयार खताला गिऱ्हाईक कोठे, हा प्रश्न शेवटी राहतोच. एवढ्या बाबी प्रत्यक्ष जाऊन नोंदविल्यानंतरच योजना खरी की कागदी, हे कळते.

दुसरे उदाहरण खाडीचे. राज्याच्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेत खेकडापालन, जिताडापालन, कालवेपालन, निसर्ग पर्यटन इत्यादी उपक्रमांसाठी गटांना ९० टक्के, तर व्यक्तींना ७५ टक्के साहाय्य मिळते. तिवरे टिकली तरच धंदा टिकतो, हे येथे आपोआप साधते. तरीही खेकड्याला खाद्य म्हणून खाडीतील लहान मासळी उपसली गेली, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होईल. हा हिशेब मांडण्यासाठी कोळीवाड्यातील जाणत्या स्त्री-पुरुषांचे अनुभव हेच पहिले पाठ्यपुस्तक ठरावे.

धोका आणि उपाय

एक धोका मात्र स्पष्ट दिसतो. प्रकल्प अहवाल नमुन्यावरून उतरवून काढावा, त्याला ‘हरित’ हे विशेषण जोडावे आणि गुण मिळवावेत, असे झाल्यास ५४० तास वाया जातील. यासाठी मूल्यमापनाची दृष्टी बदलली पाहिजे. पूर्ण तपासाअंती ‘हा धंदा करू नये’ असा सप्रमाण निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्यालाही पूर्ण गुण मिळावेत. कर्ज काढून बुडण्यापेक्षा वर्गात आलेले अपयश केव्हाही स्वस्त पडते.

प्राध्यापकांनी किमान एक सत्र वर्गाबाहेर घ्यावे आणि लेखापाल, मच्छीमार, कारखान्यातील अभियंता यांना मार्गदर्शनासाठी बोलवावे. स्थानिक प्रशासनातील अधिकाऱ्यांनी पाणी, कचरा व वीज यांचे आकडे विद्यार्थ्यांस उपलब्ध करून द्यावेत. आकड्यांवाचून हिशेब होत नाही. पनवेल व उरण तालुक्यांतील ग्रामपंचायतींनी ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखडा करताना गावापुढील दोन-तीन प्रश्न महाविद्यालयाकडे लेखी सोपवावेत आणि विद्यार्थ्यांचे निष्कर्ष ग्रामसभेपुढे मांडवून घ्यावेत.

जे विद्यार्थी पुढे प्रत्यक्ष धंद्यात उतरू इच्छितात, त्यांच्यासाठी १९८८ पासून कार्यरत असलेले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र प्रशिक्षण देते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात वयाची १८ वर्षे पूर्ण केलेल्यांना अर्ज करता येतो आणि प्रवर्ग व क्षेत्र यांनुसार प्रकल्प किमतीच्या १५ ते ३५ टक्के अनुदान मिळते. मात्र अनुदान हे धंद्याचे कारण नव्हे, आधार आहे, याची जाणीव शिक्षणातूनच व्हावयास हवी.

प्रत्येक पदवीधर उद्योजक होणार नाही. कोणी लेखापाल होईल, कोणी अधिकारी, कोणी सरपंच. परंतु आपल्या निर्णयाचा खर्च कोणाच्या माथी पडतो, हे विचारण्याची सवय त्याला लागली, तर या गौण विषयाचे प्रयोजन सफल झाले असे म्हणता येईल.