जुन्या खेळयंत्राच्या पोटात

अटारी कंपनीचं १९७७ सालचं व्हिडिओ खेळांचं यंत्र कधी हाती आलं, तर जरूर उघडून पाहा. आधी वीज तोडा, खेळाची कॅसेट बाहेर काढा. यंत्र पालथं केलं की तळाशी चार स्क्रू दिसतात. ते सुटले की आत धातूचं कवच लागतं. रेडिओलहरींची गळती अडवण्यासाठी ते असतं.

आणि त्याखाली? मोठ्या अशा तीनच चिपा! एवढाच संसार. एक हिशेब करते, दुसरी चित्र आणि आवाज देते, तिसरीत स्मृती. तीही अवघी १२८ बाइटची. इतक्यात पडद्यावरचं चित्र मावणार कसं? मावतच नाही. दूरदर्शनसंचातला किरण एकेक ओळ काढत असतानाच तिचा मजकूर पुरवावा लागतो, ओळीमागे हिशेबी चिपेचे फक्त ७६ ठोके. साठवायला भांडं नाही, म्हणून रांधता रांधताच वाढायचं, असला हा प्रकार!

यंत्र बंद असलं तर लगेच भंगारात घालू नका. पुष्कळ यंत्रांत या चिपा डाख न देता खोबणीत बसवलेल्या असतात. पाय गंजले असले, तर काढून, पुसून पुन्हा बसवल्यानं कधी कधी काम भागतं. मात्र काढण्यापूर्वी चिपेची खाच कोणत्या बाजूला होती, ते कागदावर टिपून ठेवा. उलटी बसली, की ती गेलीच म्हणा.