किंमत गाडीची आणि किंमत मालकीची

मोटारगाडी ही विकत घेतलेल्या दिवसापासूनच किंमतीनें उतरूं लागते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. तथापि कांहीं थोड्या मोटारी अशा निघतात कीं, त्यांचा भाव प्रथम उतरतो, कांहीं वर्षें तळाशीं राहतो आणि नंतर पुन्हां चढूं लागतो. अशी मोटार घेऊन हौसही पुरवावी आणि पैसाही वाढवावा, असा मोह युरोप-अमेरिकेंतील पुष्कळ गृहस्थांना पडतो. हा हिशेब कितपत खरा आहे, हें पाहण्यास जर्मनींतील पोर्शे कंपनीच्या एका मोटारीचें उदाहरण उपयोगी पडेल.

स्टुटगार्ट येथील या कंपनीनें ‘९११’ ही वेगवान मोटार १९६४ पासून बनविण्यास आरंभ केला. तिचें एंजिन मागच्या बाजूस असून तें हवेनेंच थंड ठेवलें जात असे. १९९७ मध्यें कंपनीनें तिची नवी आवृत्ति काढली. कारखान्यांतील क्रमांकावरून ती ‘९९६’ या नांवानें ओळखली जाते. तिचें एंजिन पाण्यानें थंड होणारें होतें. अमेरिकेंत तिच्या ‘कॅरेरा’ या साध्या नमुन्याची किंमत सुमारें ६५ हजार डॉलर होती. पुढें २०१२ च्या सुमारास तीच गाडी चांगल्या स्थितींत २० हजार डॉलरांच्या आसपास मिळूं लागली.

भाव इतका उतरण्याचीं कारणें तीन. हवेवर थंड होणाऱ्या एंजिनाची परंपरा सुटली, हें जुन्या भक्तांस रुचलें नाहीं. दुसरें, काटकसरीसाठीं कंपनीनें ‘बॉक्स्टर’ या आपल्याच स्वस्त गाडीचा पुढचा भाग हिला जोडला. त्यामुळें महाग गाडी घेणाऱ्यास स्वस्त गाडीचेच दिवे पत्करावे लागले, आणि लोकांनीं त्या दिव्यांना तळलेल्या अंड्याची उपमा दिली.

तिसरें कारण मात्र थट्टेचें नव्हतें. एंजिनाच्या मुख्य दांड्याची गति झडपा हालविणाऱ्या दांड्यांपर्यंत पोंचविण्यासाठीं त्यांत एक मधला दांडा आहे. त्याच्या एका टोकास पोलादी गोळ्यांचें बेअरिंग असतें. तें मोडलें तर धातूचा चुरा तेलांत मिसळतो, झडपा व दट्टे एकमेकांवर आपटतात, आणि सारें एंजिनच निकामी होतें. अमेरिकेंत यासंबंधीं ग्राहकांचा सामुदायिक दावा झाला व २०१३ मध्यें तडजोड झाली. त्या निमित्तानें पुढें आलेल्या आंकड्यांप्रमाणें गोळ्यांची एकच रांग असलेलें बेअरिंग शेंकडा ८ ते १० गाड्यांत बिघडलें. दोन रांगांचें शेंकडा एकाहूनही कमी गाड्यांत. म्हणजे दहांतील नऊ गाड्यांस कांहींच झालें नाहीं. पण कोणती गाडी दहावी, हें कोणासच ठाऊक नसल्यामुळें भाव मात्र दहाही गाड्यांचा उतरला.

याच मालिकेंतील ‘टर्बो’ व ‘जीटी ३’ या नमुन्यांत हान्स मेत्सगर या अभियंत्याच्या परंपरेंतील, शर्यतींच्या गाड्यांतून आलेलें निराळें एंजिन होतें. त्यांत हा दोष नव्हता. त्यांचे भाव त्यामुळें साध्या गाडीच्या मागोमाग तळास गेले नाहींत, आणि ‘जीटी ३ आर एस’सारखा दुर्मिळ नमुना तर नव्या गाडीच्या मूळ किंमतीहून पुष्कळ वर विकला जातो.

पुढें साध्या गाडीचेही दिवस पालटले. १९९८ नंतर हवेवर थंड होणाऱ्या ९११ गाड्या बनेनाशा झाल्या. त्यांचे भाव चढतां चढतां सामान्य हौशी माणसाच्या आवांक्याबाहेर गेले आणि त्याची दृष्टि ९९६ कडे वळली. बेअरिंग बदलण्याची सुधारलेली सामग्रीही तोंवर उपलब्ध झाली होती. तथापि सर्व प्रकार मिळून या मालिकेच्या सुमारें पावणेदोन लक्ष गाड्या बनल्या. तेव्हां दुर्मिळतेचा लाभ साध्या कॅरेरास फारसा नाहीं.

येथें खरा प्रश्न येतो तो मालकीच्या खर्चाचा. बाजारानें गाडीचा भाव तिसऱ्या हिश्श्यावर आणला, म्हणून क्लचचा भाव तिसऱ्या हिश्श्यावर येत नाहीं. सुटे भाग व कारागिराची मजुरी हीं नव्या महाग गाडीच्याच मानानें द्यावीं लागतात. एका वेळीं एंजिनांत सुमारें ८ लिटर तेल लागतें. पुढच्या बाजूच्या झरोक्यांत पाला अडकून कुजतो व त्यामागचे रेडिएटर गंजतात. क्लच बदलण्यास गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून शहाणा मालक त्याच वेळीं तें बेअरिंगही बदलून घेतो व दुहेरी मजुरी वांचवितो. एंजिनच गेलें, तर दुरुस्तीचा खर्च कित्येकदां गाडीच्या किंमतीइतका होतो.

समजा, एक गाडी १८ हजारांस मिळते, पण तिचे कागद नाहींत; दुसरी २५ हजारांस, परंतु तिच्या प्रत्येक दुरुस्तीची पावती जपलेली आहे. पहिलीस क्लच, बेअरिंग, रेडिएटर व टायर घालतां घालतां वांचलेले सात हजार निघून जाण्यास फार काळ लागत नाहीं. म्हणूनच जाणते लोक रंगाच्या चकाकीपेक्षां पावत्यांचा गठ्ठा आधीं पाहतात, आणि तेलाची गाळणी कापून तींत धातूचे कण आहेत कीं काय, याची परीक्षा करवितात.

गाडी न चालवितां झांकून ठेवावी, तर त्यांतही सुटका नाहीं. उभ्या गाडीचे टायर कडक होतात, रबरी भाग चिरतात, बॅटरी मरते. विमा तर भरावाच लागतो. चालविली तर झिजते आणि ठेवली तर कुजते, अशी ही वस्तु आहे. भाव चढल्याची वार्ता ऐकून साठविलेली पुंजी तींत घालणाऱ्यानें चढलेल्या भावांतून हा सर्व खर्च वजा करून पाहावा. साध्या गाडीच्या बाबतींत बहुधा शिल्लक उरत नाहीं. जो गृहस्थ खरेदीच्या रकमेखेरीज दुरुस्तीची रक्कम आधींच बाजूस काढूं शकतो, त्याला ती हौस म्हणून परवडेल. ज्याला हें शक्य नाहीं, त्याला ती फुकट मिळाली तरी महागच पडेल.