जयपत्र कुणाच्या हातचे?

कलबुर्गी जिल्ह्यातले आळंद आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. बाराव्या शतकात या गावी जन्मलेल्या एकांतद रामय्या नावाच्या शिवभक्ताची हकीकत हावेरी जिल्ह्यातल्या अब्लूर येथील शिलालेखात कोरलेली आहे. रामय्याने अब्लूरच्या जैनांशी पैज लावली. आपले शीर कापून शिवाला वाहीन आणि ते परत मिळवीन. तसे घडले तर तुम्ही जिनमूर्ती हलवून तिथे शिवाची स्थापना करायची. लेख सांगतो की चमत्कार घडला, जैनांनी शब्द पाळला नाही, म्हणून रामय्याने मूर्ती फोडली. तक्रार राजा बिज्जळाकडे गेली. बिज्जळाने रामय्याला जयपत्र लिहून दिले.

चमत्काराचा वाद मला घालायचा नाही. मी जन्माने जैन आहे, म्हणून हरलेल्या बाजूचे दुःख उगाळायचेही नाही. मला खटकते ते जयपत्र. कारण शरणांची परंपरा याच बिज्जळाबद्दल दुसरी गोष्ट सांगते. मधुवरस ब्राह्मण कुळातला, हरळय्या चांभार. एकाची मुलगी दुसऱ्याच्या मुलाला दिली, म्हणून कल्याणात या दोघांना राजाज्ञेने देहदंड झाला. वीरशैव पुराणांनी तर बिज्जळाला जैनच ठरवले आहे. इतिहासकारांचे त्यावर एकमत नाही. म्हणजे एका गोष्टीत सिंहासन माझ्या लोकांच्या विरुद्ध गेले, दुसरीत ते माझ्या लोकांच्या नावावर जमा झाले. दोन्ही गोष्टींत एक बाब मात्र सारखी आहे. श्रद्धेचा निवाडा सत्तेने केला.

श्रद्धेच्या बाबतीत जयपत्र द्यायचा अधिकार कुणाचा, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना मी कॅथलिक चर्चची शिकवण पुढे ठेवणार आहे. हे वाचून काहींच्या भुवया उंचावतील. पण ज्याने एका प्रश्नाचे उत्तर शतकानुशतके एक दिले आणि मग विचारपूर्वक, कारणे सांगून दुसरे दिले, त्याच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ असते.

जुने उत्तर काय होते? सत्य एक आहे, ते चर्चकडे आहे, आणि असत्याला हक्क नसतात. म्हणून जिथे राजा कॅथलिक, तिथे त्याने सत्याचे रक्षण करावे, इतर मतांना फार तर सहन करावे. या विचाराचे टोक आपल्या शेजारी गोव्यात दिसले. तिथे १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायपीठ बसले. मधली थोडी वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत चालले. गंमत अशी की याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीवर जीव लावला आणि त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापून निघाले. एकाच भूमीवर, एकाच धर्माच्या नावाने, एक माणूस ओवी रचून समजावत होता आणि एक न्यायपीठ धाक घालत होते. पुढे १८६४ मध्ये पोप नववे पायस यांनी आधुनिक काळातल्या ऐंशी चुकांची यादी प्रसिद्ध केली. आपल्या बुद्धीला खरा वाटेल तो धर्म स्वीकारायला प्रत्येक माणूस मोकळा आहे, हे विधान त्या यादीत चूक म्हणून नोंदलेले आहे.

मग १९६२ ते १९६५ या काळात रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. जगभरचे बिशप जमले. परिषद चालू असतानाच, डिसेंबर १९६४ मध्ये, पोप सहावे पॉल मुंबईला येऊन गेले आणि इथल्या भाषणात त्यांनी उपनिषदातली प्रार्थना आदराने उद्धृत केली. धर्मस्वातंत्र्याच्या मसुद्यावर परिषदेत कडाक्याचे वाद झाले. ज्या अमेरिकन जेझुइट विचारवंताला, जॉन कोर्टनी मरे यांना, १९५०च्या दशकात या विषयावर लिहायला वरिष्ठांनी मनाई केली होती, त्यांचाच या मसुद्यात मोठा हात होता. कम्युनिस्ट राजवटीचा अनुभव घेतलेले पोलंडचे आर्चबिशप करोल वोयतिवा, पुढे पोप झालेले दुसरे जॉन पॉल, हेही या चर्चेत बोलले. ७ डिसेंबर १९६५ रोजी जाहीरनामा संमत झाला. बाजूने २३०८ मते, विरुद्ध ७०. लॅटिनमधल्या पहिल्या शब्दांवरून त्याचे नाव ‘दिग्निटाटिस ह्युमाने’ पडले. अर्थ, मानवी प्रतिष्ठेविषयी.

हा जाहीरनामा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटले, चला, यांनीही आपला अनेकांतवाद मान्य केला. सत्याला अनेक बाजू असतात, माझे म्हणणे एका नयाने खरे आणि तुमचे दुसऱ्या नयाने. दुसऱ्या वाचनात माझी चूक लक्षात आली. चर्च असे मुळीच म्हणत नाही. खरा धर्म एकच आणि तो आपल्यापाशी आहे, हा दावा जाहीरनाम्याच्या आरंभीच कायम ठेवलेला आहे. बदलले ते वेगळेच. जुने सूत्र विचारत होते, असत्याला हक्क आहे का? नवे सूत्र म्हणते, हक्क सत्याला किंवा असत्याला नसतातच. हक्क माणसाला असतात. माणूस बुद्धी आणि इच्छाशक्ती घेऊन जन्मतो. सत्य शोधणे हे त्याचे कर्तव्य आहे. पण सत्य मनात शिरते ते स्वतःच्या बळावर, पटल्यामुळे. दंडुक्याने ओठ हलवता येतात, अंतःकरण हलत नाही. म्हणून धर्माच्या बाबतीत कुणालाही त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध वागायला भाग पाडू नये आणि त्याप्रमाणे वागण्यापासून, योग्य मर्यादेत, अडवू नये.

माझ्या व्यवसायातले उदाहरण देतो. रोग्याला काय झाले आहे याबद्दल माझी खात्री असू शकते. त्याने तंबाखू सोडली नाही तर काय होणार, हे मला दिसत असते. मी समजावतो, रागावतो, पुन्हा पुन्हा सांगतो. पण त्याचे हात बांधून औषध घशात ओतत नाही. ते न ओतण्याचे कारण माझी शंका नव्हे. समोर बसलेला माणूस आहे, हे त्याचे कारण. स्वतःच्या मताबद्दल पूर्ण खात्री आणि दुसऱ्यावर शून्य बळजबरी, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे या शिकवणीचे मर्म आहे.

आणखी तीन मुद्दे ध्यानात घेण्यासारखे आहेत. पहिला, जो सत्य शोधायचे आपले कर्तव्यच पाळत नाही, त्याचाही हा हक्क जात नाही; कारण हक्क त्याच्या मनोवृत्तीवर उभा नसून त्याच्या माणूस असण्यावर उभा आहे. दुसरा, हा हक्क देवघरापुरता नाही. माणूस समाजात जगतो, म्हणून त्याची श्रद्धाही एकत्र येणार, बोलणार, शिकवणार, सेवा करणार. तिसरा, त्याला मर्यादा आहे. दुसऱ्याच्या हक्काला, सार्वजनिक शांततेला आणि नीतीला धक्का बसत असेल तिथे शासनाने हात घालावा. एरवी माणसाला शक्य तितके मोकळे ठेवावे.

इथे शासनाने मागे का राहायचे, याचे उत्तर चर्च जीवनाच्या धार्मिक अंगात शोधते. इतर धर्मांशी असलेल्या नात्यावर परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी काढलेल्या निवेदनात म्हटले आहे की जगणे कशासाठी, दुःख का, मरणानंतर काय, या प्रश्नांची उत्तरे माणसे धर्मांकडे मागतात. दवाखान्यात बसणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. रिपोर्ट वाचून झाल्यावर रोगी जो प्रश्न विचारतो, तो बहुधा रिपोर्टात नसतो. शासन रस्ते बांधते, दवाखाने काढते, चोराला पकडते. या प्रश्नांची उत्तरे त्याच्या कुठल्याच खात्यात नाहीत. म्हणून ती शोधणाऱ्याच्या वाटेत त्याने उभे राहू नये.

आता आपल्याकडे येऊ. घटनेचे २५वे कलम सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य देते आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा, त्याचा प्रसार करण्याचाही हक्क देते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. ‘प्रसार’ या शब्दावर डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत जोराचा वाद झाला. कन्हैयालाल मुन्शी म्हणाले, भाषणस्वातंत्र्य दिल्यावर आपला धर्म पटवून सांगण्याची मुभा माणसाला असतेच. शब्द राहिला. पुढे १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रसार म्हणजे आपली तत्त्वे समजावून देणे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. कर्नाटकात २०२२ मध्ये धर्मस्वातंत्र्य संरक्षणाचा कायदा झाला. धर्म बदलू पाहणाऱ्याने किमान ३० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायचे, ते सूचनाफलकावर लावून लोकांच्या हरकती मागवायच्या, अशी त्यात तरतूद. बंगळूरच्या कॅथलिक आर्चबिशपांनी या कायद्याला जाहीर विरोध केला. जून २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला.

त्या दिवसांतली गोष्ट. माझे एक जुने रोगी मुलीला घेऊन आले. मुलगी पंचविशीची, शिकलेली, नोकरी करणारी. ती एका प्रार्थनेला जाऊ लागली होती. वडिलांनी तिला बाहेर बसवले आणि मला म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, तुमच्यात मनावरची औषधं असतात म्हणे. हिचं मन पालटंल असं काही द्या. नाहीतर मी कलेक्टर हापिसात अर्ज देतो.’’ मी मुलीला आत बोलावले. कुणी पैसे दिले का, नोकरीचे आमिष दाखवले का, भीती घातली का, सगळे विचारले. ती म्हणाली, ‘‘नाही काका. तिथं मला रडता येतं.’’

खरे सांगतो, माझी सहानुभूती आधी वडिलांकडेच होती. मलाही मुलगी आहे. पण त्याच वेळी मला २०१५ सालचा ऑगस्ट आठवला. १० तारखेला राजस्थान उच्च न्यायालयाने आमची सल्लेखना आत्महत्येच्या गुन्ह्यात बसवली. देशभर जैनांनी मूक मोर्चे काढले. मीही चाललो. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली तेव्हा सुटकेचा श्वास घेतला. माझ्या घरातल्या एका वृद्ध आत्यांनी पूर्ण शुद्धीत, सर्वांची क्षमा मागून ते व्रत घेतले होते. त्यांच्या उशाशी बसताना मला एवढेच हवे होते की सरकारने या खोलीत येऊ नये. हो, त्यांना कुणी भरीला घातले असते, तर पोलिसांना मीच बोलावले असते. पण तसे नसताना त्यांच्या व्रतावर हरकती मागवणारा कागद कुठल्या कचेरीच्या फलकावर लागला असता, तर मला कसे वाटले असते?

जे आत्यांसाठी मागितले, ते या मुलीला नाकारू कसे? मी औषध दिले नाही. वडिलांना म्हटले, ‘‘तुम्ही तिच्याशी बोला. भांडा पाहिजे तर. पण ते बोलणं घरात होऊ द्या.’’ ते नाराज होऊन गेले. पुढे काय झाले ते मी विचारलेले नाही.

यावर कुणी म्हणेल, मग आमिष दाखवून धर्मांतरे करणाऱ्यांना मोकळे रान द्यायचे का? नाही. आणि हे चर्चही सांगते. त्याच जाहीरनाम्यात म्हटले आहे की धर्मप्रसार करताना बळजबरीचा किंवा अयोग्य गळ घालण्याचा वासही येता कामा नये, विशेषतः समोरचा गरीब किंवा अशिक्षित असेल तेव्हा. जो मिशनरी पोत्याभर तांदळात श्रद्धा तोलतो, तो आधी आपल्याच धर्माचा अपराधी ठरतो. फसवणूक, धमकी हे गुन्हे आहेत आणि ते घडल्यावर कायद्याने जरूर पकडावे. पण गुन्हा घडण्याआधीच प्रत्येक बदललेल्या मनाला संशयित ठरवून कचेरीत उभे करणे, हे वेगळे. पहिल्यात शासन माणसाचे रक्षण करते, दुसऱ्यात ते जयपत्र लिहायला बसते.

ही शिकवण जगणारा मराठी माणूस कसा असतो, हे आपल्याला पाहायला मिळाले आहे. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून काहींनी निवडीला विरोध केला. पण या माणसाने वर्षानुवर्षे ‘सुवार्ता’ मासिक चालवले, वसईच्या हिरवाईसाठी आणि गुंडगिरीविरुद्ध तो सर्व धर्मांच्या लोकांबरोबर रस्त्यावर उतरला, आणि त्याने बायबल सुबोध मराठीत आणले. पाद्रीपण त्याने लपवले नाही आणि कुणावर लादलेही नाही. जुलै २०२४ मध्ये ते गेले. स्टीफन्सच्या ओवीतला समजावणारा सूर चार शतकांनी या माणसात ऐकू आला. न्यायपीठाचा धाक मात्र मागेच राहिला होता.

वाचकहो, आपला सीमाभाग विचित्र श्रीमंत आहे. बसवकल्याणचे शरण, मळखेडची जैन बसदी, कलबुर्गीचा बंदेनवाज दर्गा, बिदरचा नानक झिरा, गावोगावचे वारकरी आणि चर्चची घंटा, सारे दिवसाभराच्या प्रवासात भेटते. इथे प्रत्येक समाजाच्या वाट्याला कधी ना कधी जयपत्र आले आहे आणि कधी ना कधी दंड. आज आपली बाजू जिंकताना दिसली, तरी ते पत्र लिहिणारा हात आपला नसतो; उद्या तो दुसऱ्याच्या नावे लिहील. म्हणून बिज्जळासमोर जायची वेळ पुन्हा आली, तर मागायचे एवढेच. महाराज, मूर्ती फोडणाऱ्याला अडवा, जीव घेणाऱ्याला अडवा. बाकीचा निवाडा आमच्या अंतःकरणावर सोडा.